दरेकसा ते भिलाई : बोगद्यापलीकडची पोलादनगरी

मुंबई-हावडा लोहमार्गाने कलकत्त्याकडे जाणाऱ्या प्रवाशाला गोंदिया ठाऊक असते. आपल्या व्यापारी बांधवांना तर ते तांदळाच्या गिरण्यांमुळे आणि विडीच्या धंद्यामुळे विशेष ठाऊक असते. गोंदिया सोडल्यावर मात्र बहुतेकांचे डोळे मिटतात, ते थेट दुर्ग किंवा रायपूर येथे उघडतात. मधल्या आमगाव, सालेकसा आणि दरेकसा या स्थानकांवर जलद गाड्या बहुधा थांबत नाहीत. माझे बालपण आमगावी गेले. त्यामुळे जे इतरांना झोपेत ओलांडायचे अंतर वाटते, ते आमच्या घराच्या इतिहासातील सर्वांत दीर्घ अंतर होते. गेल्या भाद्रपदात तेच अंतर मी पुन्हा एकदा सावकाश, थांबत थांबत पार केले. सोबत माझ्या दिवंगत थोरल्या बंधूंची नात होती. तिला आजोबांचे गाव पाहायचे होते आणि मला तिच्या आजोबांचे शहर.

दरेकसा हे सालेकसा तालुक्यातील, महाराष्ट्राच्या अगदी पूर्व सीमेवरील गाव. गोंदियापासून सपाट धानशेतीतून धावणारी गाडी येथे एकाएकी डोंगरात शिरते. दोन्ही बाजूंना साग, बांबू, मोह आणि तेंदू यांचे दाट रान लागते, चढ जाणवू लागतो आणि बोगद्याच्या काळोखात डब्यातील बोलणे क्षणभर थांबते. हा मार्ग मूळचा नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा. छत्तीसगडचा गहू-तांदूळ बाहेर आणता यावा, म्हणून १८८० च्या सुमारास नागपूरपासून राजनांदगावपर्यंत मीटर गेज रूळ टाकण्यात आले. पुढे १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने तो मार्ग घेऊन रुंद केला आणि बंगालपर्यंत नेला. गोंदियाची धान्यपेठ वाढली ती या रुळांमुळेच. आमच्या आजोबांनी आमगावी दुकान मांडले, तेही रूळ पाहूनच.

दरेकसा स्थानकापासून थोड्या अंतरावर हाजरा धबधबा आहे. पावसाळ्यानंतर काही आठवडे त्याचे रूप खरोखर पाहण्यासारखे असते. काळ्या कातळावरून पांढरे पाणी टप्प्याटप्प्याने उतरते आणि त्याच्या आवाजात मध्येच मालगाडीची घरघर मिसळते. आमच्या लहानपणी तेथे गुराख्यांखेरीज कोणी फिरकत नसे. आज वनविभागाने आणि स्थानिक तरुणांनी तेथे पर्यटकांची व्यवस्था केली आहे. मधली काही दशके ‘दरेकसा दलम’ या नक्षलवादी तुकडीमुळेच या गावाचे नाव वर्तमानपत्रांत झळकत असे. त्या काळात मी बँकेच्या कामानिमित्त या भागात आलो, की घरची मंडळी दिवेलागणीपर्यंत वाट पाहत बसत. आता शनिवार-रविवारी येथे कुटुंबेच्या कुटुंबे डबे घेऊन आलेली दिसतात, याचे समाधान वाटते.

याच डोंगररांगेत कचारगडच्या गुहा आहेत. माघ पौर्णिमेला येथे गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा अशा अनेक प्रांतांतून आदिवासी बांधव लाखोंच्या संख्येने येतात. गुहेत कोंडलेल्या आपल्या पूर्वजांना पारी कुपार लिंगोने येथून मुक्त केले, अशी त्यांची श्रद्धा आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोंडांची लिंगोकथा टिपून ठेवली होती. त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली ती छापली गेली. त्या कथेत ‘काचीकोपा लोहागड’ असे स्थळ येते आणि त्याचा अर्थ तांबड्या डोंगरातील लोखंडाची दरी असा दिला आहे. ती दरी म्हणजेच हे कचारगड, असे गोंड समाजातील अनेक जण मानतात.

हे ऐकून नातीने विचारले, “म्हणजे लोखंड आधी आजोबांना सापडलेच नव्हते तर?”

मी हसलो. पण तिच्या प्रश्नाने मला जेथे न्यायचे होते तेथेच नेले. दरेकसा स्थानकाच्या बाकावर.

माझे थोरले बंधू, आमचे दादा, माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी मोठे. १९६१ साली ते घर सोडून भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरीला लागले. वडिलांना हे मुळीच मान्य नव्हते. एक तर थोरल्या मुलाने गादी सोडून चाकरी पत्करावी, हाच मोठा धक्का. दुसरे कारण त्याहून खोल होते. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांतील पहिलेच अंगारकर्म, म्हणजे भट्टीवर चालणारी उपजीविका, आणि पाचवे स्फोटकर्म, म्हणजे भूमी फोडण्याचा व्यवसाय. पोलाद कारखान्यात तर भट्टीही आली आणि खाणही आली. गोंदिया परिसरात लाखेचा व्यापार जोरात असताना, लाक्षावाणिज्य वर्ज्य म्हणून वडिलांनी लाखेला कधी हात लावला नव्हता. नफा डोळ्यांसमोर दिसत असून सोडला होता. तेव्हा त्यांचा विरोध हा नुसता हेका नव्हता.

दादाही गप्प बसणाऱ्यातले नव्हते. “बाबा, आपला तांदूळ ज्या वॅगनीतून जातो, ती कशावरून धावते?” एवढेच ते म्हणाले. वडिलांनी उत्तर दिले नाही. दादांनी ट्रंक उचलली.

पुढील सात वर्षे दादा आमगावच्या घरी आले नाहीत आणि वडील भिलाईला गेले नाहीत. पण चारोळी आणि हिरडा यांच्या खरेदीसाठी वडिलांच्या दरेकसा भागात फेऱ्या होत. त्या दिवसांत दादा भिलाईहून पॅसेंजरने दरेकसा येथे उतरत. दोघांनी हे कधी ठरवले, कोणी कोणाला निरोप धाडला, हे मला आजही ठाऊक नाही. मी सात-आठ वर्षांचा असताना वडील मला बरोबर नेऊ लागले. स्थानकाच्या बाकावर ते दोघे शेजारी बसत आणि समोरच्या डोंगराकडे पाहत बोलत. वडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, “जेवण दिवस मावळायच्या आत होते का?” दुसरी पाळी असली की होत नसे. मग त्या आठवड्यात रात्री केवळ पाणी, की तेही नाही, याची चौकशी होई. निघताना वडील चिन्नोर तांदळाची लहान गोणी दादांच्या पायाशी ठेवत. “राहू दे, जड नाही,” असे म्हणत. कारखान्याविषयी त्यांनी एक शब्दही विचारल्याचे मला स्मरत नाही.

दरेकसानंतर बोरतलाव आणि पनियाजोब ही स्थानके घेत गाडी छत्तीसगडमध्ये उतरते आणि डोंगरगड येते. टेकडीवरील माँ बम्लेश्वरीचे मंदिर दुरूनच दिसते. त्याच गावातील चंद्रगिरी तीर्थावर १८ फेब्रुवारी २०२४ रोजी आचार्यश्री विद्यासागरजी महाराजांनी समाधिमरण स्वीकारले. तेव्हापासून आपल्या समाजातील असंख्य कुटुंबे या मार्गाने प्रवास करू लागली आहेत. आम्हीही तेथे उतरून दर्शन घेतले.

पुढचे राजनांदगाव म्हणजे जुन्या संस्थानाची राजधानी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे कापडगिरणी उभी राहिली आणि पुढे ती बंगाल-नागपूर कॉटन मिल या नावाने प्रसिद्ध झाली. मराठी माणसाने येथे आवर्जून थांबण्याचे आणखी एक कारण आहे. हिंदीतील थोर कवी गजानन माधव मुक्तिबोध यांची मातृभाषा मराठी. आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी येथील दिग्विजय महाविद्यालयात अध्यापन केले. तळ्याकाठच्या त्या जुन्या वास्तूत त्यांचे स्मारक जपले आहे.

येथून शिवनाथ नदीची सोबत सुरू होते. महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या डोंगराळ भागातून येणारी ही नदी राजनांदगाव आणि दुर्ग यांच्या जवळून वाहत पुढे महानदीला मिळते. इंग्रजी अमदानीत दुर्गचे नाव रोमन लिपीत ‘द्रुग’ असे लिहीत. रशियन भाषेत ‘द्रुग’ म्हणजे मित्र. दादा सांगत, की स्थानकाच्या नावाचा हा योगायोग रशियन तंत्रज्ञांना फार आवडे.

रशियन येथे आले कसे, ही कथा माझ्यासारख्या बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला विशेष रंजक वाटते. स्वातंत्र्यानंतर देशाला पोलाद हवे होते आणि गाठीशी ना तंत्र होते ना परकीय चलन. फेब्रुवारी १९५५ मध्ये भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला. दरसाल दहा लाख टन पोलादाचा कारखाना उभारायचा, त्याच्या यंत्रसामग्रीसाठी सोव्हिएत संघाने कर्ज द्यायचे, व्याज अडीच टक्के आणि फेड बारा वार्षिक हप्त्यांत. त्याच सुमारास रुरकेला येथे जर्मन आणि दुर्गापूर येथे ब्रिटिश साहाय्याने कारखाने उभे राहिले, त्यांच्या कर्जांचे व्याजदर याहून चढे होते. शिवाय फेड रुपयांत करायची होती आणि त्या रुपयांतून सोव्हिएत संघ भारतीय माल खरेदी करणार होता. ऋणकोला इतक्या सोयीच्या अटी देणारा धनको मी माझ्या उभ्या नोकरीत पाहिला नाही. अर्थात धनकोचाही त्यात राजकीय लाभ होता, हे व्यापारी वाचकांना सांगायला नको.

आणखी एक गोष्ट आज विस्मरणात गेली आहे. करार झाला तेव्हा दुर्ग आणि आमचा भंडारा हे दोन्ही जिल्हे एकाच जुन्या मध्य प्रदेशात होते आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. भिलाईसाठी आग्रह धरणारे मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल नागपुरातूनच राज्य चालवत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली आणि दरेकसाचा डोंगर दोन राज्यांमधील सीमा झाला. दादा परमुलखात गेले, असे आम्ही म्हणत असू. पाच वर्षे आधी गेले असते, तर ते आपल्याच प्रांतात राहिले असते.

पोलादनगर वसवण्याचा रशियाचा अनुभव मोठा होता. उरल नदीच्या काठी मॅग्निटोगोर्स्क या नगराची उभारणी १९२९ साली सुरू झाली आणि १९३२ साली तेथे पहिले लोखंड वाहिले. उरल नदी ही युरोप आणि आशिया यांची सीमा मानतात. कारखाना आशियाच्या तीरावर आणि वस्तीचा मोठा भाग युरोपच्या तीरावर, त्यामुळे तेथील कामगार रोज खंड ओलांडून कामावर जातो. गंमत अशी, की त्या नगराच्या आराखड्यात अमेरिकी अभियंत्यांचा हात होता आणि नमुना होता अमेरिकेतील गॅरी येथील कारखान्याचा. विद्या अशीच उधारीने फिरते. गॅरीहून उरलकाठी आणि रशियातून शिवनाथच्या खोऱ्यात.

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्यापूर्वी तेथे धानाची शेते आणि खेडी होती. आज आखीव रस्ते, दोन्ही बाजूंना गर्द झाडी, क्रमांकांनी ओळखले जाणारे सेक्टर, प्रत्येक सेक्टरला बाजार, शाळा आणि मैदान. केरळ, आंध्र, बंगाल, पंजाब, महाराष्ट्र अशा सगळ्या प्रांतांची माणसे येथे एका भिंतीला भिंत लावून राहिली. कच्चे लोखंड दक्षिणेकडील दल्ली-राजहरा येथून, सुमारे नव्वद-शंभर किलोमीटरवरून येते. चुनखडी नंदिनी येथून आणि पाणी तांदुळा व गंगरेल या धरणांतून. झोतभट्टीत वरून लोहखनिज, कोक आणि चुनखडी घालतात, खालून तापलेली हवा सोडतात, तळाशी लोखंडाचा रस जमतो आणि वर मळी तरंगते. ती मळीही वाया जात नाही. जामूल येथे तिच्यापासून सिमेंट बनते. काहीही टाकून न देणारा हा हिशेब आपल्या कोणत्याही पेढीला शोभावा.

दादा रूळ बनवणाऱ्या विभागात होते. तो विभाग १९६० साली सुरू झाला. भारतीय रेल्वेच्या रुळांचा फार मोठा वाटा गेली सहा दशके भिलाईच पुरवीत आली आहे. आज तेथे १३० मीटर लांबीचा अखंड रूळ निघतो.

या वैभवाला दुसरी बाजूही आहे आणि ती न सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. शेते गेली ती त्या खेड्यांतील शेतकऱ्यांची. दल्ली-राजहराच्या खाणींतील मजुरांना माणसासारखे वेतन मिळावे, म्हणून शंकर गुहा नियोगी यांनी संघटना उभारली. मजुरांच्या वर्गणीतून आणि श्रमांतून १९८३ साली तेथे शहीद रुग्णालय उभे राहिले. दारूबंदीसाठीही नियोगींनी मोठी चळवळ केली. २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत त्यांची हत्या झाली. दादा व्यवस्थापनाचे नव्हते आणि संघटनेचेही नव्हते. पण त्या दिवशी त्यांच्या घरी चूल पेटली नाही, असे वहिनी सांगतात. वडिलांनी ज्याला स्फोटकर्म म्हटले होते, त्याची किंमत कोण मोजतो, हे दादांना त्या काळी कळले असावे.

पर्यटकांसाठी भिलाईत पाहण्यासारखे पुष्कळ आहे. भारत-सोव्हिएत मैत्रीचे प्रतीक म्हणून १९७२ साली उभारलेली मैत्री बाग, तेथील प्राणिसंग्रहालय आणि पांढरे वाघ मुलांना आवडतात. जवळच्या देवबलोदा येथे कलचुरीकालीन प्राचीन शिवमंदिर आहे. पंडवानी जगभर नेणाऱ्या तीजनबाई याच परिसरातील गनियारी गावच्या आणि याच कारखान्याच्या सेवेत राहिलेल्या. दुर्गजवळ, शिवनाथच्या परिसरात, नगपुरा येथे श्री उवसग्गहरं पार्श्व तीर्थ आहे. तेथे धर्मशाळा आणि भोजनशाळा असल्याने सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची चिंता राहत नाही. कारखाना आतून पाहायचा असल्यास आधी अनुमती मिळवावी लागते.

आम्ही दादांचे जुने क्वार्टर बाहेरून पाहिले. आता तेथे दुसरे कुटुंब राहते. अंगणातील आंबा दादांनी लावलेला, असे सांगितल्यावर त्या गृहिणीने नातीला आत बोलावून पाणी दिले आणि झाडाखाली उभे करून तिचा फोटोही काढला.

परतीच्या प्रवासात आम्ही मेमू गाडीने पुन्हा दरेकसा येथे उतरलो. फलाटाच्या टोकाशी बदलून काढलेले रूळ रचून ठेवले होते. नातीने वाकून पाहिले. रुळाच्या अंगावर कारखान्याची अक्षरे आणि साल उठवलेले होते. साल दादांच्या नोकरीच्या काळातले निघाले. हा रूळ त्यांच्याच हाताखालून गेला, असे म्हणायला काही आधार नाही. तिने त्यावर हात मात्र बराच वेळ ठेवला.

मग मी तिला शेवटची गोष्ट सांगितली. १९६८ साली आजी आजारी पडली आणि दादा घरी आले. त्यानंतर येणेजाणे सुरू झाले. परंतु वडील भिलाईला गेले नाहीत ते नाहीतच. त्यांच्या निधनानंतर दुकानाच्या जुन्या वह्या तपासण्याचे काम माझ्याकडे आले, कारण एम.कॉम. झालेला घरात मी एकटा. १९६१ ते १९६८ या सात वर्षांच्या वह्यांत दरेकसाच्या प्रत्येक फेरीची नोंद होती. चारोळी इतकी, हिरडा इतका, गाडीभाडे इतके. त्याखाली दर वेळी एक ओळ, “तांदूळ चिन्नोर, दहा शेर.” मी उत्सुकतेने पाहिले, की ही रक्कम कोणत्या खात्यावर टाकली आहे. दादांच्या नावे ती नव्हती, म्हणजे उसनवारी नव्हती. धर्मादाय खात्यावर नव्हती. दरेकसाच्या खरेदीखर्चातही नव्हती.

ती सातही वर्षे घरखर्चाच्या खात्यावर होती.

त्या वह्या मी दादांना दाखवल्या, तेव्हा त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि पाने पुन्हा पहिल्यापासून उलटायला सुरुवात केली. आमगावची गाडी येईपर्यंत नातीने मला त्याविषयी आणखी काही विचारले नाही. आम्ही दोघे बाकावर शेजारी बसून समोरच्या डोंगराकडे पाहत होतो. बोगद्यातून एक लांबलचक मालगाडी बाहेर पडली आणि तिचा शेवटचा डबा जाईपर्यंत फलाट थरथरत राहिला.